आमचें आरोग्य : नवाच्या ठोक्याची गोळी

गेल्या महिन्यांत आलेल्या पत्रांमध्यें एक पत्र असें होतें कीं, तें वाचून झाल्यावर मीं पुन्हां घडी करून पाकिटांत घातलें आणि त्या दिवशीं दुसरें एकही पत्र उघडलें नाहीं. पत्र एका आजीबाईंचें आहे. अक्षर वळणदार, ओळी सरळ, आणि मजकूर अवघा पाऊण पानाचा. त्यांच्या घरांत त्यांची पंधरा वर्षांची नात आहे. ती जन्मतःच एच्. आय्. व्ही. चा विषाणु रक्तांत घेऊन आली. आई-बाप दोघेही नाहींत. मुलीचीं औषधें नियमित चालूं आहेत, रक्ताच्या तपासण्या समाधानकारक आहेत, वर्गांत ती पहिल्या पांचांत असते; परंतु वर्तमानपत्रांत कोरोनाची बारीकशी बातमी आली कीं आजीबाईंच्या पोटांत गोळा उठतो, व त्या तिला आठ आठ दिवस शाळेंत पाठवीत नाहींत. "मुलगी आतां माझ्याशीं बोलेनाशी झाली आहे. मी चुकतें काय, एवढेंच कळवावें," असें त्यांनीं शेवटीं लिहिलें आहे.

उत्तर दोन ओळींत देतां येईल. परंतु त्या दोन ओळी कशावर उभ्या आहेत हें समजल्यावांचून आजीबाईंचें समाधान व्हावयाचें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर माझेंही व्हावयाचें नाहीं. कारण याच प्रश्नांत मी स्वतः एकदां चुकलों आहें. ती चूक आज सांगावी म्हणतों. हा विषय 'आपल्यांतला नव्हे' असें वाटून ज्यांना पान उलटावेंसें वाटेल, त्यांना इतकेंच सुचवितों कीं, १९८६ सालीं मद्रासेस ज्या डॉक्टरबाईंच्या देखरेखीखालीं आपल्या देशांतील हा रोग प्रथम उघडकीस आला, त्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे. तिकडे स्थायिक झालेल्या एका मराठी घराण्यांतल्या. पुढें वडिलांच्या नांवानें त्यांनीं रुग्णांसाठीं संस्था काढली आणि २०१५ सालीं वारल्या तोंपर्यंत हेंच काम केलें. आज आपल्या देशांत सुमारें २५ लाख लोक हा विषाणु अंगांत बाळगून आहेत, आणि ते सगळेच कांहीं आपल्या ओळखीबाहेरचे नाहींत.

आतां थोडें शास्त्र. आपल्या रक्तांतील पांढऱ्या पेशींपैकीं एका जातीला सी. डी. ४ पेशी असें नांव आहे. ह्या पेशी स्वतः फारशा लढत नाहींत. मोठ्या कुटुंबांत कार्य निघालें म्हणजे एखादी वडीलधारी बाई चुलीपाशीं बसत नाहीं कीं पंक्तींत वाढत नाहीं. पण कोठीची किल्ली तिच्या कमरेला असते, आणि आचाऱ्यानें काय रांधावें, पाहुण्यांना कोठें उतरवावें, हें तिच्या तोंडून सुटल्यावांचून घरांत पान हलत नाहीं. सी. डी. ४ पेशींचें काम तेंच. बाहेरचा जंतु आंत शिरला कीं त्याची ओळख पटवून घेऊन इतर पेशींना कामाला लावावयाचें, तें ह्या करतात. एच्. आय्. व्ही. नेमका ह्यांच्यावरच घाला घालतो. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरांत ह्या पेशी साधारणतः ५०० ते १५०० असतात. औषधोपचार नसेल तर त्या वर्षांनुवर्षें घटत जातात. २०० च्या खालीं गेल्या म्हणजे घरांत माणसें भरपूर, पण सांगणारें कोणी नाहीं, अशी स्थिति होते.

कोरोनाशीं याचा संबंध असा. कोरोनाचा विषाणु शरीरांत आला, किंवा त्याची लस टोंचली, म्हणजे आपलें शरीर त्यावर प्रतिपिंडें तयार करतें. हीं प्रतिपिंडें पहिल्याच दिवशीं चांगलीं निपजत नाहींत. मानेंत, कांखेंत, जांघेंत ज्या गांठी आहेत त्यांत त्यांची निवड चालते. बरीं ठेवावयाचीं, बेताचीं टाकावयाचीं, असें आठवडेच्या आठवडे चाळणें-निवडणें होतें, आणि शेवटीं ज्या उत्तम पेशी उरतात त्यांतल्या कांहीं 'स्मरण' म्हणून शिल्लक राहतात. तोच शत्रु पुन्हां आला तर त्या त्याला दारांतच ओळखतात. ही सारी निवड सी. डी. ४ पेशींच्या सांगण्यावरून होते. आणि एच्. आय्. व्ही. ला दडून बसण्याची आवडती जागा कोणती, तर ह्याच गांठी! म्हणजे शाळेच्या इमारतींतच चोरानें बिऱ्हाड करावें, तसें झालें.

तरुण मुलांची गोष्ट यांत निराळी आहे, आणि ती मोठ्यांच्या मापानें मोजूं नये. एक तर कोरोना लहानांना व तरुणांना एकंदरीनें सौम्यच झाला. त्यांच्या नाकाघशांतील पहिली पहाऱ्याची फळी अधिक जागी असते, आणि नवा जंतु शिकून घेणाऱ्या कोऱ्या पेशी त्यांच्याजवळ मुबलक असतात. दुसरें असें कीं, ह्या कोऱ्या पेशी जेथें तयार होतात ती छातींतील ग्रंथि मुलांमध्यें चांगली काम करीत असते. त्यामुळें औषध वेळेवर मिळालें तर मुलांच्या सी. डी. ४ पेशी प्रौढांपेक्षां अधिक झपाट्यानें भरून येतात. ही बाजू उजेडाची झाली. अंधाराची बाजू अशी कीं, मोठेपणीं हा विषाणु ज्याला लागला त्याची प्रतिकारशक्ति निदान घडून तरी झालेली असते. जन्मतःच ज्याला तो मिळाला त्याची प्रतिकारशक्ति घडली तीच चोर घरांत असतांना. अशा मुलाला उपचार उशिरां मिळाले तर लहानपणीं टोंचलेल्या गोवराच्या लशीचें स्मरणसुद्धां पुसट होतें, आणि औषधानें प्रकृति सुधारल्यावर ती लस पुन्हां टोंचावी लागते. उलट दक्षिण आफ्रिकेंत तान्ह्या मुलांवर झालेल्या एका प्रयोगांत, आजाराचीं लक्षणें दिसण्याची वाट न पाहतां पहिल्या कांहीं आठवड्यांतच औषध सुरू केल्यानें मृत्यूंचें प्रमाण तीन-चतुर्थांशानें घटलें, हें २००८ सालीं प्रसिद्ध झालें. औषध केव्हां मिळालें आणि तें टिकलें काय, हे दोन प्रश्न ज्यानें विचारले त्यानें निम्में निदान केलें. मीं यांतला दुसरा प्रश्न विचारला होता. पण भलत्या माणसाला.

ज्या घराची हकीकत सांगणार आहें तें माझ्या जुन्या परिचयाचें आहे. आजोबा-आजी, थोरले काका-काकू, त्यांचीं दोन मुलें, एक विधवा आत्या, आणि हा मुलगा. आई-बाप गेले तेव्हां तो पांच वर्षांचाही नव्हता. त्याच्या आजाराचें खरें नांव आजी-आजोबा आणि मी, इतक्यांनाच ठाऊक होतें. बाकीच्या घराला 'रक्ताची अशक्तता' एवढेंच सांगितलेलें. मुलाला तो तेरा वर्षांचा झाल्यावर आम्हीं सांगितलें. तो ऐकून घेऊन म्हणाला, "डॉक्टर आजोबा, म्हणजे ही गोळी शक्तीची नव्हे तर!" आणि खेळावयास गेला. गोळी रोज रात्रीं नवाच्या ठोक्याला. ती आजीच्या खोलींत, तिच्या लुगड्यांच्या पेटींत, वाळ्याच्या पुडीखालीं ठेवलेली असे. नऊ वाजले कीं मुलगा 'आजीचे पाय चेपतों' म्हणून आंत जाई आणि गोळी घेऊन बाहेर येई. नऊ वर्षें ही व्यवस्था विनातक्रार चालली.

मार्च २०२० मध्यें सारा देश बंद झाला. काकांची कचेरी घरीं आली, चुलतभावाची कचेरी घरीं आली, आणि दार लावून बोलतां येईल अशी खोली म्हणून आजीची खोली त्या चुलतभावाला मिळाली. आजी माजघरांत आली. रात्रीं नऊ वाजतां सगळें घर बातम्या ऐकत त्याच माजघरांत बसूं लागलें. पेटी चुलतभावाच्या मेजाखालीं, आणि चुलतभाऊ रात्रीं अकरापर्यंत परदेशांतील वरिष्ठांशीं बोलतो आहे! मुलगा सोळा वर्षांचा होता. त्या वयांत मरणापेक्षां लाज मोठी असते. पहिल्या दिवशीं गोळी चुकली, तिसऱ्या दिवशीं चुकली, मग एक आठवडा. आणि कांहीं होत नाहीं असें दिसल्यावर चुकण्याची संवय झाली. आजीला वाटे, तो पहांटे उठून घेतो. त्या काळांत रुग्णांची गर्दी टळावी म्हणून सरकारी केंद्रांतून तीन तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देण्यांत येऊं लागल्या होत्या. व्यवस्था अत्यंत शहाणपणाची. तिनें हजारों लोकांची औषधें चालूं राहिलीं. पण या एका मुलाच्या बाबतींत असें झालें कीं, दरमहा जो परका माणूस "किती गोळ्या उरल्या?" म्हणून विचारीत असे, तो विचारावयाचा थांबला.

पुढें एप्रिल २०२१ मध्यें कोरोना त्या घरांत शिरला. एकामागून एक सर्व आडवे झाले. आजोबांना आठ दिवस रुग्णालयांत ठेवावें लागलें, बाकीचे घरींच बरे झाले. मुलाचाही ताप चौथ्या दिवशीं उतरला. परंतु खोकला राहिला. दोन आठवडे झाले, तीन झाले. जेवण तुटलें, गालफडें बसलीं. आजीनें मला दूरध्वनि केला. मीं विचारलें, "गोळी चालूं आहे ना?" ती म्हणाली, "अहो, ती कधीं चुकली आहे काय!" त्या दिवसांत दिवसाला साठ-सत्तर माणसें मला विचारीत होतीं. मीं म्हटलें, तरुण रक्त आहे, दम धरा, निघेल भरून. नऊ वर्षें मी त्या मुलाला ओळखत होतों. त्याला बोलावून घेऊन त्याच्या तोंडून एक शब्द ऐकावा, एवढें मला सुचलें नाहीं.

सहाव्या आठवड्यांत तो स्वतःच एका सकाळीं माझ्या दारांत उभा राहिला. जिना चढतांना त्याला दोनदां थांबावें लागलें होतें. आंत येऊन बसला आणि म्हणाला, "वर्षभर मीं गोळी नीट घेतलेली नाहीं." रक्त तपासलें. सी. डी. ४ पेशी दोनशेंच्या पुष्कळ खालीं गेलेल्या. अशा मुलाला खोकला म्हटला कीं प्रथम क्षय शोधावा, म्हणून तो शोधला. सुदैवानें निघाला नाहीं. कोरोनाची तपासणी मात्र अजून होकारार्थीच आली. घरांतल्या सत्तरीच्या माणसांनीं ज्या विषाणूला तीन आठवड्यांत घालवून दिलें, त्याला ह्या सतरा वर्षांच्या मुलाच्या अंगांतून कोणी हांकून काढीत नव्हतें.

आमच्या मुलाची गोष्ट जगावेगळी नव्हती, हें मला नंतर वाचनावरून कळलें. दक्षिण आफ्रिकेंतील शास्त्रज्ञांनीं २०२२ सालीं एका बावीस वर्षांच्या तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली. तिचा एच्. आय्. व्ही. औषधाअभावीं मोकाट सुटलेला होता. आणि कोरोनाचा विषाणु तिच्या शरीरांत नऊ महिने ठाण मांडून बसला. तेवढ्या मुदतींत त्या विषाणूनें आपल्या घडणींत वीसांहून अधिक बदल करून घेतले. दर्बान येथील संशोधकांनीं त्याच्या आदल्या वर्षीं छत्तीस वर्षांच्या एका बाईची अशीच हकीकत दिली होती. तिच्या अंगांत तो २१६ दिवस राहिला. दोन्ही हकीकतींचा शेवट सारखा आहे, आणि तोच मला महत्त्वाचा वाटतो: एच्. आय्. व्ही. चीं औषधें नीट लागूं पडतांच शरीरानें कोरोनाला आपण होऊन बाहेर काढलें. त्या तरुणीला यासाठीं सहा ते नऊ आठवडे लागले. कोरोनावर निराळा कांहीं रामबाण सांपडला नव्हता. कोठीची किल्ली ज्या बाईच्या कमरेची तिला ती परत मिळाली, इतकेंच.

येथें एक गैरसमज काढून टाकतों. असा दीर्घ मुक्काम केवळ एच्. आय्. व्ही. च्या रुग्णांतच होतो असें नाहीं. रक्ताचा कर्करोग झालेल्या, किंवा प्रतिकारशक्ति दाबणारीं औषधें घेणाऱ्या रुग्णांतही तो युरोप-अमेरिकेंत आढळला आहे. परंतु नोव्हेंबर २०२१ मध्यें दक्षिण आफ्रिकेच्या शास्त्रज्ञांनीं 'ओमिक्रॉन' हा नवा अवतार जगापुढें प्रामाणिकपणें मांडला, तेव्हां त्याचें बक्षीस म्हणून त्यांच्या देशाचीं विमानें अनेक राष्ट्रांनीं बंद केलीं. खरें सांगणाऱ्याला गांवाबाहेर बसविण्याची रीत फक्त आपल्याकडेच आहे असें समजूं नये.

एच्. आय्. व्ही. मुळें कोरोनाचा धोका नेमका किती वाढतो? दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम केप प्रांतांत २०२० सालीं झालेल्या मोठ्या पाहणींत अशा प्रौढांचा मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारें दुप्पट आढळला. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं अनेक देशांतील रुग्णालयांची माहिती एकत्र केली, तींत गंभीर आजाराचा वा मृत्यूचा धोका सुमारें ३० टक्क्यांनीं अधिक दिसला. त्यांतले बहुतेक रुग्ण दक्षिण आफ्रिकेचेच होते. ही माहिती मुख्यतः मध्यमवयीन व वृद्ध माणसांची आहे, आणि वय, मधुमेह, रक्तदाब यांचा वांटा तींत फार मोठा आहे. पंधरा वर्षांच्या मुलीला हे आंकडे लावून भिववूं नये. तिच्यापुरता प्रश्न एकच: विषाणु औषधानें दडपलेला आहे काय, व पेशी पुरेशा आहेत काय? त्याचें उत्तर होकारार्थी असेल तर कोरोनाच्या बाबतींत ती मुलगी तिच्या वर्गांतल्या इतर मुलींसारखीच समजावी.

या उलट दुसरी एक अफवा त्या वर्षीं कानोकानीं फिरत होती. एच्. आय्. व्ही. चीं औषधें घेणाराला कोरोना होतच नाहीं, असें लोक सांगत. तिलाही थोडें निमित्त होतें. मार्च २०२० मध्यें जयपूरच्या सरकारी रुग्णालयांत इटलीहून आलेल्या प्रवाशांना एच्. आय्. व्ही. वरील लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर ही जोडी देण्यांत आली होती. पुढें इंग्लंडांत मोठ्या प्रमाणावर तिची परीक्षा झाली आणि जून २०२० मध्येंच कळून आलें कीं, रुग्णालयांत दाखल झालेल्यांचे मृत्यु तिनें कमी होत नाहींत. मौज अशी कीं, त्या जोडींतील रिटोनाव्हिर नंतर कोरोनाच्या एका खऱ्या औषधांत पुन्हां आलेंच. पण तेथें त्याचें काम लढण्याचें नसून, जोडीदाराला शरीरांत लवकर विरघळूं न देण्याचें आहे. तें इतर कित्येक औषधांच्या आड येतें, म्हणून कोणतीं औषधें चालूं आहेत हें डॉक्टरांना सांगितल्यावांचून तें घेऊं नये. एच्. आय्. व्ही. चीं नेहमींचीं औषधें मात्र त्यासाठीं मनानें बंद करूं नयेत.

लशीविषयीं थोडें. ज्यांचा विषाणु दडपलेला आहे व पेशी चांगल्या आहेत, अशा प्रौढांमध्यें आपल्या पुण्यांत कोव्हिशील्ड या नांवानें तयार झालेल्या लशीनें इतरांच्या बरोबरीचीं प्रतिपिंडें निपजतात, असें इंग्लंडांतील एका लहानशा पाहणींत २०२१ सालीं दिसून आलें. ज्यांच्या पेशी फार घटल्या आहेत त्यांच्यांत तीं कमी निपजतात व लवकर ओसरतात. अशांना एक जादा मात्रा द्यावी असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला होता. म्हणून लस किती वेळां टोंचली यापेक्षां ती टोंचली तेव्हां पेशी किती होत्या, याला अधिक किंमत. आपल्याकडे अठरा वर्षांवरील सर्वांना १ मे २०२१ पासून, पंधरा ते अठरा वयाच्या मुलांना ३ जानेवारी २०२२ पासून, व बारा ते चौदा वयाच्या मुलांना १६ मार्च २०२२ पासून लस खुली झाली. आमचा मुलगा त्या पावसाळ्यांत अठरा वर्षांचा झाला. पेशी वर चढूं लागल्या आहेत हें पाहून आणि आजारानंतरचे तीन महिने जाऊं देऊन आम्हीं त्याला लस टोंचली.

हें झालें शरीराचें. घराचें काय झालें तें सांगावयाचें राहिलें. औषध पुन्हां सुरू करावयाचें तर पेटीची व्यवस्था पुन्हां चालणार नव्हती, हें उघड होतें. मुलानें आपण होऊन काकूला सांगितलें. मीं त्याला तसें सुचविलें नव्हतें. कोणाला सांगावें व कोणाला नाहीं हा हक्क त्याचा. काकू बाई कष्टाळू आणि प्रेमळ. आजारपणांत सर्वांचीं ताटें दारापाशीं ठेवणारी तीच. तिनें ऐकून घेतलें, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलाचें ताट, वाटी, फुलपात्र निराळें ठेवूं लागली. मुलगा कांहीं बोलला नाहीं; गोळीही घेत राहिला; पण जेवण पुन्हां अर्ध्यावर आलें. आठ दिवसांनीं तिचा मला दूरध्वनि आला. म्हणाली, "डॉक्टर, मीं ताट निराळें ठेवलें, त्याचें तो जेवत नाहीं. कोरोनांत तर सगळ्यांचींच ताटें निराळीं होतीं. आतां हें पाप कीं पथ्य, तुम्ही सांगा."

प्रश्न प्रामाणिक होता. मीं तिला सांगितलें कीं, कोरोना श्वासांतून जातो, म्हणून ती दक्षता दहा-बारा दिवसांची होती व ती बरोबर होती. एच्. आय्. व्ही. ताटांतून, पेल्यांतून, पांघरुणांतून, शिंकेंतून, एका न्हाणीघरांतून जात नाहीं. नऊ वर्षें त्याच्या पंक्तीला बसून तुम्हां कोणाला कांहीं झालेलें नाहीं हाच पुरावा. त्याच संध्याकाळीं आजोबांनीं, ते जुन्या काळचे न्यायालयांतले कारकून, २०१७ चा कायदा आणवून वाचला. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलांत आहे. त्यांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, अशा व्यक्तीला राहत्या कुटुंबाच्या घरांत राहण्याचा, घराच्या कोणत्याही भागांतून वगळलें न जाण्याचा व तेथील सोयी इतरांप्रमाणेंच वापरण्याचा हक्क आहे. इतर देशांचे कायदे मला ठाऊक नाहींत. पण माजघराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोंचलेलें हें कलम आपल्या एकत्र कुटुंबांना ओळखूनच कोणीतरी घातलें असावें, असें मला तें वाचतांना वाटलें. आजोबांनीं तें मोठ्यानें वाचून मात्र दाखविलें नाहीं. घडी करून सुनेच्या शिवणाच्या टोपलींत ठेवून दिलें. दुसऱ्या दिवशीं ताट पंक्तींत आलें.

आतां त्याची गोळी डोल्यूटेग्राव्हिर असलेली नवी आहे. ती दिवसांतून एकदां घ्यावयाची व रात्रीचीच हवी असें नाहीं, म्हणून तो ती सकाळच्या चहाबरोबर, सर्वांच्या देखत घेतो. गृहिणींसाठीं एक सूचना: लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या, तसेंच आम्लपित्तावरचीं पांढरीं औषधें, हीं ह्या गोळीचा गुण कमी करतात. आपल्या घरांतून अशा गोळ्या वाटेल तेव्हां वाटेल त्याला देण्याची चाल आहे. ती येथें नडेल. डॉक्टरांना विचारून त्यांच्या वेळा निराळ्या ठेवाव्यात. मुलाच्या पेशी सहा महिन्यांत दुप्पट झाल्या, व त्यानंतर त्याला कोरोना पुन्हां एकदां होऊन गेला तो चार दिवसांच्या सर्दीवर भागला.

आतां आजीबाई, तुमचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेनें कोरोनाची आणीबाणी ५ मे २०२३ रोजीं संपल्याचें जाहीर केलें. विषाणु गेला नाहीं, मधून मधून तो डोकें वर काढणार. अशा प्रत्येक वेळीं नातीला कोंडून ठेवल्यानें तिची प्रतिकारशक्ति कणभरही वाढत नाहीं. ती वाढते ती गोळी न चुकल्यानें, आणि मुलीला घरांत कोंडून तिच्या मनांतून तुम्ही उतरलांत तर गोळी चुकण्याचा दिवस जवळ येतो. घरांत कोणाला सर्दी-ताप असेल तेव्हां तिला थोडें दूर ठेवा, लशी राहिल्या असतील तर तिच्या केंद्रांतल्या डॉक्टरांना विचारून पुऱ्या करा, खोकला दोन आठवड्यांवर गेला तर मीं केली तशी वाट पाहूं नका, क्षयाची तपासणी आधीं करा. गोळ्या उरल्या किती हें मोजूं नका; तिला विचारा, आणि ती एकटी असतांना विचारा.

तुमच्या पत्रांत एक गोष्ट लिहावयाची राहिली आहे, कीं तुम्हीं ती मुद्दामच गाळली, मला कळत नाहीं. आपल्याला काय झालें आहे, हें त्या मुलीला ठाऊक आहे काय? मुलाला शाळकरी वयांतच टप्प्याटप्प्यानें सांगून टाकावें असा जाणत्यांचा सल्ला आहे. पंधरावें म्हणजे उशीरच झाला. कदाचित् तिनें गोळीच्या डबीवरचें नांव वाचून केव्हांच ओळखलें असेल आणि तुम्हांला वाईट वाटेल म्हणून ती गप्प असेल. बोलेनाशी झाली आहे ती शाळेसाठींच, असें धरून चालूं नका. रविवारीं दुपारीं, घर निजलेलें असेल तेव्हां, तिला जवळ घेऊन बसा आणि तिच्या आईपासून सुरुवात करा. कठीण वाटलें तर केंद्रांत समुपदेशक असतात, त्यांना बरोबर घ्या, मलाही लिहा.

आणि सोमवारीं तिला शाळेंत पाठवा.